घटस्फोट टेबलावर, कोर्टाबाहेर

नवरा-बायको कोर्टात न भांडता घटस्फोट बोलून ठरवतात, त्या बैठकांत मी हिशेब मांडायला बसते. नवऱ्याच्या बाजूने नाही, बायकोच्याही नाही. म्हणून दोघांचीही बोलणी खाते, ते असो.

पद्धत अशी. दोघांनी आपापला वकील घ्यायचा आणि चौघांनी सुरुवातीलाच लेखी ठरवायचं की भांडायला कोर्टात जायचं नाही. बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचं, पुढे नवे वकील. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या स्टुअर्ट वेब या वकिलाने १९९०मध्ये ही रीत सुरू केली. खरी मेख या अटीतच आहे, कारण प्रकरण कोर्टात नेऊन या वकिलांना काहीच मिळत नाही. अट करारात आहे ना, ते सही करण्याआधी बघा.

मग कागद. बँकेचे उतारे, पगारपत्रकं, विमा, कर्जं, सगळं उघड करायचं. क्रेडिट कार्डाची थकबाकी लोक हमखास ‘विसरतात’. ‘घर मलाच हवं’ म्हणण्याआधी त्याचा हप्ता एका पगारात झेपतो का, ते पाहा. मी दोन वेगळ्या संसारांचा महिन्याचा खर्च मांडायला लावते. निम्मा हट्ट तिथेच उतरतो.

मुलांचे शनिवार-रविवार वाटून भागत नाही. ताप आला तर रजा कोण घेणार, हेही लिहा.

मारहाण, धमक्या किंवा पैसे लपवणं असेल तर हा मार्ग धरू नका, सरळ कोर्टात जा. बाकीच्यांनी ठरलेल्या तडजोडीचा मसुदा घरी नेऊन सावकाश वाचावा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यासाठी तो बहुतेक ठिकाणी शेवटी न्यायालयापुढे ठेवावाच लागतो.