राजीनाम्याची घाई नको: अपंगत्वाचा लाभ मागताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात हाताला जबर मार लागून दोन-तीन महिने घरी बसलेला कामगार परत मागावर उभा राहतो, तेव्हा बोटांत तुटलेला धागा धरवत नाही आणि गाठ मारता येत नाही, हे त्याला पहिल्याच पाळीत कळते. मग ‘हिशोब घे आणि मोकळा हो’ असा सल्ला मिळतो आणि ‘वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे’ या ओळीखाली त्याची सही होते. सर्वांत महागात पडणारी चूक ती हीच.

कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधील अपंगत्व पेन्शनला दहा वर्षांच्या सेवेची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. मात्र करत असलेल्या कामासाठी आलेले कायमचे व संपूर्ण अपंगत्व नोकरीत असतानाच आलेले असले पाहिजे. कागदावर वैयक्तिक कारण असेल, तर हे पुढे सिद्ध करताना कामगाराचीच दमछाक होते. नोकरी सोडावीच लागली तर राजीनाम्यात अपघाताची तारीख आणि खरे कारण लिहावे व पोच घेतलेली प्रत जवळ ठेवावी. या पेन्शनचा अर्ज १० डी आहे. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेले अनेकजण घाईने १० सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतात आणि तिथे त्या योजनेतले सदस्यत्वच संपते.

दुसरी चूक दवाखान्यात होते. कुणाच्या तरी सांगण्यावरून पहिल्याच केस पेपरवर ‘घरी पडून मार’ असे लिहिले जाते. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) कामावरच्या अपघातासाठी तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के लाभ आहे, तर साध्या आजारपणात ७० टक्के, तोही वर्षात ९१ दिवसांपर्यंतच. त्या एका ओळीने एवढा फरक पडतो, शिवाय कायमच्या अपंगत्वाचा दावाही अडतो.

काम कमी करणाऱ्यांनी हजेरीकडे नीट पाहावे. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत ७८ दिवसांची ईएसआयची वर्गणी भरली नाही, तर पुढच्या लाभकाळात आजारपणाचा भत्ता मिळत नाही. झेपत नाही म्हणून आठवड्यातून दोनच दिवस जाणारा माणूस नकळत या आकड्याच्या खाली येतो. डॉक्टरांनी रजेचा दाखला दिलेल्या दिवशी कारखान्यात जाऊन मजुरी घेऊ नये. एकाच दिवसाची मजुरी आणि भत्ता दोन्ही घेता येत नाहीत.

टक्केवारीबाबतचा गोंधळ तर रोजचाच आहे. शासकीय रुग्णालयातून मिळणाऱ्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक असले, की बहुतेक शासकीय योजनांचा मार्ग खुला होतो. परंतु ईएसआयचे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली हे पाहते आणि पेन्शन योजना त्या विशिष्ट कामाची अक्षमता पाहते. प्रमाणपत्रावर ३५ टक्के आले म्हणून सगळेच दावे सोडून देणारे लोक पाहिले, की मनापासून वाईट वाटते.

महापालिका, जिल्हा परिषद, एसटी अशा शासकीय आस्थापनांतील कर्मचाऱ्यांनी तर स्वेच्छानिवृत्ती मागूच नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत अपंगत्व आल्यास कामावरून काढता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते.

तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करताना दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आधी काढून तपासावा. आपल्याकडची तेलुगू आडनावे आधार, पीएफ आणि बँकेत तीन तऱ्हांनी लिहिलेली आढळतात. अर्जाआधीच ती एकसारखी करून घ्यावीत. कायमच्या अपंगत्वामुळे नोकरी सुटलेल्या विमेदाराला वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. ईएसआय कार्ड कारखान्यात जमा करून मोकळे होऊ नये.