माठातला चहा: घातांकी वाढ-घट मांडताना या चुका टाळा

मे महिन्यातली नागपूरची दुपार. ओसरीत ४३ अंश, झाकण ठेवलेल्या कपात ८५ अंशांचा चहा. दहा मिनिटांनी थर्मामीटर ६४ दाखवतो. तासाभराने किती दाखवेल?

आमच्या ट्यूशनमधली बहुतेक पोरं ६४ ला ८५ ने भागतात, ०.७५३ येतं, आणि दर दहा मिनिटांना तेवढ्याने गुणत सुटतात. उत्तर साडेपंधरा अंश. मागच्या बाकावरून एकदा आवाज आलाच, "काहून सर, चहा माठात भरला होता का?" (माठ पाझरतो म्हणून गार होतो, ते गणित वेगळं.) ज्याने टोमणा मारला त्याने खरं तर उत्तर तपासलं होतं.

न्यूटनच्या थंड होण्याच्या नियमात दर ठरावीक वेळात त्याच पटीने घटतो (यालाच घातांकी घट म्हणतात) तो फरक. चहा आणि ओसरी यांच्या तापमानातला. तो आधी ४२ होता, दहा मिनिटांनी २१, म्हणजे निम्मा. तासात सहादा निम्मा झाला की उरतो जेमतेम ०.६६ आणि चहा ४३.६६ वर. म्हणून सूत्र मांडण्याआधी घट कुठवर जाणार ते विचारा. शून्यापर्यंत? इथे ४३ पर्यंत.

८०,००० ची स्कूटर दरवर्षी १५ टक्क्यांनी उतरत असेल तर ०.८५ ने गुणायचं. तीन वर्षांनी ४९,१३० रुपये. घाईत ०.१५ ने गुणलं तर २७० रुपये; भंगारवालासुद्धा त्याहून बरा भाव देईल.

आता जनगणना. नागपूर शहर २००१ मध्ये २०,५२,०६६ आणि २०११ मध्ये २४,०५,६६५. दशकात १७.२ टक्के वाढ, मग वर्षाला १.७२? छे. वाढीवरही वाढ चढते, त्यामुळे भागाकार चालत नाही. १.१७२ चं दहावं मूळ, म्हणजे दहादा घेऊन गुणली की १.१७२ देणारी संख्या, काढा: १.०१६, म्हणजे वर्षाला १.६ टक्के. आणि २००१ हे शून्य वर्ष धरा. घातात तिथपासून गेलेली वर्षं जातात, पण सरळ २०११ टाकणारेही भेटतात.

इतकं नीट करूनही एक खोट राहते. दोन आकड्यांतून घातांकी वक्र केव्हाही काढता येतो, तो बसला की नाही हे तिसरा आकडा सांगतो. हाच दर मागे नेला तर १९९१ चं नागपूर साडेसतरा लाखांचं निघतं. जनगणनेत ते १६,२४,७५२ आहे. सव्वा लाख माणसं नुसती सूत्रातच जन्मलेली.