पस्तीस सेकंदांसाठी पहाटेचा गजर

मे महिन्यातला रविवार. पहाटे ४.२० ला आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो. मी तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात भरते, नवरा गाडीत छोटा तंबू कोंबतो, अकरा वर्षांची लेक अर्ध्या झोपेत बुटाच्या नाड्या बांधते. या सगळ्याला कारणीभूत असलेली चिंगी दाराशी शेपूट आपटत उभी असते. तास-दीड तास गाडी हाकून आम्ही इंग्लंडमधल्या कुठल्याशा ओल्या कुरणात पोचणार, संध्याकाळपर्यंत तिथेच बसणार, आणि एवढ्या वेळात चिंगी धावणार तीन वेळा, दर वेळी पस्तीसेक सेकंद. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा भरत नाहीत.

हे आधीच सांगून टाकते, कारण ॲजिलिटीचे, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचे, व्हिडिओ त्या पस्तीस सेकंदांचेच असतात. उरलेला दिवस कोणी दाखवत नाही, आणि नवशिक्याची फजिती होते ती त्या उरलेल्या दिवसात.

चिंगी कॉकापू आहे, म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचं मिश्रण. घरातलं कुत्रं. सोफ्यावर झोपतं, पोळ्या चालल्या की ओट्यापाशी ठाण मांडतं. वर्षाची झाली तेव्हा मोजे पळवून घरभर चकरा मारायची. साधी शिस्त शिकवायच्या वर्गातली बाई म्हणाली, हिला काहीतरी काम द्या, नाहीतर ती स्वतःच शोधेल. ते काम म्हणजे ॲजिलिटी. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आपला वाघ्या रोज पाटलांच्या कुंपणावरून उडायचा, त्याला कोणी रिबन दिली होती?"

आईचं फार चुकलेलं नाही. हा खेळ जन्मला तोच मधल्या वेळेत करमणूक म्हणून. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपियात भरलेल्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात मुख्य रिंगणातल्या दोन कार्यक्रमांमध्ये रिकामा वेळ होता. समितीतले जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीसारखं काही कुत्र्यांकडून करून घ्यायचं ठरवलं आणि ते बसवायचं काम पीटर मीनवेल यांच्याकडे दिलं. लोकांना ते इतकं आवडलं की दोन वर्षांत केनेल क्लबने, म्हणजे ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या मुख्य संस्थेने, त्याला रीतसर मान्यता दिली. घोड्यांची छाप अजून आहे: धावण्यापूर्वी माणसांनी मार्ग चालून बघायचा, दांडी पडली की दोष, आणि हिवाळ्यातल्या बऱ्याच स्पर्धा घोडेस्वारीच्या बंदिस्त मैदानांत, जिथल्या वाळूत चिंगीला तोंड घालण्याजोगं बरंच काही सापडतं.

खेळ थोडक्यात असा. रिंगणात जास्तीत जास्त २० अडथळे, प्रत्येकापाशी आकडा. हर्डल (आडव्या दांडीवरची उडी), बोगदा, टायर, लांब उडी, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जाणं. शिवाय चढायचे तीन: छपरासारखी दोन्हीकडे उतरती ए-फ्रेम, डॉगवॉक नावाची उंच अरुंद फळी आणि सी-सॉ, म्हणजे खालीवर होणारी फळी. चढायचे नसतील तर त्या वर्गाला जंपिंग म्हणतात. नवख्यांनी तिथून सुरुवात करावी. दांडी पाडली, ५ दोष. चढायच्या अडथळ्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, उतरताना त्यावर पाय न ठेवता उडी मारली, ५ दोष. अडथळ्यापाशी अडलं किंवा बाजूने निघून गेलं तर ५, आणि असं तिसऱ्यांदा झालं की बाद. चुकीचा अडथळा घेतला तर लगेच बाद. ठरलेल्या वेळेत, दोष नसताना शेवटपर्यंत पोचलं की ती क्लिअर राउंड. आमच्या इयत्तेत, म्हणजे ग्रेड १ मध्ये, तेवढंच मागावं. एकूण सात ग्रेड आहेत.

जातिवंत कुत्रंच लागतं असा समज असेल तर सोडून द्या. मिश्र जातीच्या कुत्र्याची केनेल क्लबच्या ॲक्टिव्हिटी रजिस्टरमध्ये नोंद करता येते आणि मग ते बॉर्डर कॉलीसारख्या जातिवंत कुत्र्याच्या शेजारी रांगेत उभं राहतं. अट वयाची आहे: स्पर्धेसाठी किमान १८ महिने. हाडं पक्की होईपर्यंत उड्या नकोत. आमच्या घराजवळच्या बागेत आठ महिन्यांच्या पिल्लाला खुर्चीवरून उडवून व्हिडिओ काढणारे एक गृहस्थ येतात. मला दर वेळी त्यांच्या हातातला फोन काढून घ्यावासा वाटतो.

मग उंची. लहान गटासाठी खांद्यापाशी ३५ सेंटिमीटरपर्यंत, मध्यम गटासाठी ४३ पर्यंत, इंटरमीजिएट ५० पर्यंत, त्यापुढे लार्ज. हर्डल अनुक्रमे ३०, ४०, ५० आणि ६० सेंटिमीटरचे. चिंगीला मोजायला नेलं तेव्हा आम्ही घरी टेप लावून ३५ च्या आत धरून चाललो होतो. मोजणाऱ्या बाईंनी तिला सपाट जागी सरळ उभं केलं, मान नीट धरायला सांगितलं, खांद्यावरचे कुरळे केस दाबले आणि आकडा सांगितला: सव्वाछत्तीस. घरी ती आमच्याकडे बघत पोक काढून उभी राहायची, हे तेव्हा कळलं. त्या सव्वा सेंटिमीटरने तिचा हर्डल ३० वरून ४० वर गेला. स्वतःच्या खांद्याहून उंच दांडी, वर्षभराच्या सरावात तिने न पाहिलेली. तेव्हा आपलं कुत्रं सीमेवर असेल तर सराव वरच्या उंचीचा धरूनच करा. इतर संस्थांच्या स्पर्धांमध्ये उंच्या आणि नियम वेगळे असतात, तेही आधी वाचून घ्या.

आता सरावाकडे येते. ॲजिलिटीच्या वर्गात पहिले दोन महिने आम्हाला एकही धड अडथळा मिळाला नाही. जमिनीवर ठेवलेल्या दांड्या, मोकळे खांब, आणि चिंगीने त्यांच्यामधून माझ्याकडे यायचं. मला वाटलं, तासाचे १२ पौंड घेऊन ही शिक्षिका आम्हाला फिरायला शिकवते आहे. तसंच होतं ते, फक्त शिकत मी होते.

आमच्या घरात आज्ञा मराठीत. "बोगदा" म्हणजे बोगदा, "चढ" म्हणजे डॉगवॉक, "नाग" म्हणजे नागमोडी काठ्या. लेकीने सी-सॉला "धाड" असं नाव दिलं, कारण फळी आपटल्यावर तसाच आवाज येतो. नवरा मात्र घाईत "टनेल" म्हणायचा आणि मग चिंगीने ऐकलं नाही म्हणून चिडायचा. घरात एक शब्द ठरवा, एवढा सल्ला मी लगेच देऊन टाकला असता. पण एका बुधवारी वेगळंच घडलं. ए-फ्रेम आणि बोगद्याचं तोंड अगदी शेजारी होतं. मी स्पष्ट "बोगदा" म्हणाले आणि चिंगी ए-फ्रेमवर चढली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. शिक्षिकेने मला तोंडाला अक्षरशः कुलूप लावायला सांगितलं आणि म्हणाली, पायाची बोटं बोगद्याकडे करून पळ. चिंगी बोगद्यात गेली. तोवर मी बोलत होते बोगद्याचं, पण माझा खांदा आणि पाय ए-फ्रेमकडे होते. व्हिडिओत बघितल्यावर मला माझीच लाज वाटली.

कुत्रं आधी पाय वाचतं, मग खांदा, मग हात, आणि जमलंच तर शब्द ऐकतं. एवढं ध्यानात आलं की वर्गात शिकवतात ते क्रॉस समजतात. फ्रंट क्रॉसमध्ये तुम्ही कुत्र्याच्या पुढे जाऊन, तोंड त्याच्याकडे ठेवून वळता आणि बाजू बदलता. रिअर क्रॉसमध्ये त्याच्या मागून बाजू बदलता. माझ्यासारख्या पंचेचाळिशीतल्या, गुडघ्याची तक्रार असलेल्या बाईला चिंगीच्या पुढे जाणं रोज जमत नाही, म्हणून मी तिला लांबून अडथळ्यावर पाठवायला शिकवलं. त्यात वर्ष गेलं. लेक सरळ पळते.

सी-सॉबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरातली कुत्री सगळ्यात जास्त तिथेच बिथरतात. चिंगीला फळी हलते याची भीती नव्हती, भीती त्या धाड आवाजाची. चिंगी एकदा दचकली आणि महिनाभर त्या दिशेला फिरकेना. मग आम्ही बैठकीच्या खोलीत एक फळी पुस्तकाच्या जाडीच्या ठोकळ्यावर ठेवली आणि जे टोक आपटतं त्याखाली जुनी गोधडी चौपदरी घालून ठेवली. चिंगीने पाय ठेवला की फळी गोधडीवर फुस्स करून टेकायची आणि टोकाला चीजचा तुकडा. चार दिवसांनी एक घडी काढली, पुढच्या आठवड्यात आणखी एक. सहाव्या आठवड्यात गोधडी नव्हतीच आणि ती स्वतः पंजा मारून फळी आपटत होती, शेजारी काय म्हणतील याची काळजी आम्हाला.

नागमोडी काठ्यांना सहा महिने धरा. स्पर्धेत त्या १२ पर्यंत असतात आणि शिरताना पहिली काठी कुत्र्याच्या डाव्या खांद्याकडे यायला हवी. तिथे घाई केली की चुकीची सवय लागते आणि मग ती मोडायला आणखी सहा महिने.

वजनाचं एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी सासूबाई पाच महिने राहायला आल्या होत्या. "किती रोडावली आहे गं," म्हणत त्यांनी रोज सकाळी तूप-पोळीचा घास सुरू केला. दीड किलो वाढलं. साडेआठ किलोच्या जिवाला दीड किलो म्हणजे काय ते ४० सेंटिमीटरच्या दांडीने दाखवून दिलं, एका राउंडमध्ये तीन पडल्या. फासळ्या दिसायला नकोत, पण हात फिरवला की बोटांना लागायला हव्यात. सासूबाईंना पशुवैद्याकडूनच हे ऐकवलं; माझं ऐकून उपयोग झाला नसता.

स्पर्धेच्या प्रवेशिका कित्येक आठवडे आधी बंद होतात, त्यामुळे "या रविवारी जाऊ या" असं चालत नाही. एका धावेचे चार-पाच पौंड, पण खरा खर्च पेट्रोलचा. पोचल्यावर प्रथम आपलं रिंगण शोधा, मग ठरलेल्या वेळी कुत्र्याशिवाय मार्ग चालून घ्या. हे दृश्य नवख्याला चमत्कारिक वाटतं: तीस-चाळीस माणसं, एकही कुत्रं नाही, सगळी अंगात आल्यासारखी हातवारे करत, मध्येच गर्रकन वळत, पुटपुटत चाललेली. लाजू नका. पहिल्या फेरीत क्रमांक पाठ करा, दुसरीत कुत्र्याच्या उंचीवरून बघा, वाकून. तिथून बोगद्याची दोन्ही तोंडं दिसतात आणि नेमकं चुकीचं तोंड आधी दिसतं.

रिंगणात खाऊ नेता येत नाही. पण कुत्रं बावरेल असं वाटत असेल तर सुरुवातीलाच पंचांना सांगून स्पर्धेबाहेरची धाव घेता येते, तेव्हा खेळणं हातात चालतं. निकाल लागत नाही, पण पैसे वसूल होतात. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत निदान एक धाव अशी घ्याच.

हे मला कोणी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आमची पहिली स्पर्धा. रांगेत चाळीस मिनिटं गेली, चिंगी आजूबाजूच्या भुंकण्याने तापलेली, मी तिच्याहून जास्त. आमचा नंबर आला. मी तिला बसवलं, पट्टा सोडला, दोन हर्डल पुढे जाऊन उभी राहिले आणि बोलावलं. ती आली. हर्डल, हर्डल, बोगदा, सगळं स्वच्छ. बोगद्यातून बाहेर पडल्यावर थांबली, गोल फिरली, आणि भर रिंगणाच्या मधोमध शी करायला बसली. रिंगण घाण केलं की बाद. पंचांनी हातांची फुली केली, मी खिशातून पिशवी काढली, आणि कडेच्या खुर्च्यांवरून टाळ्या आल्या. खऱ्या टाळ्या, कुत्सित नव्हेत. शेजारच्या बाई नंतर म्हणाल्या, आमच्यातल्या प्रत्येकाचं एकदा होतं. चूक चिंगीची नव्हतीच. सकाळी सहापासून मी मार्ग पाठ करण्यात गुंतले होते, तिला नीट फिरवून आणलंच नव्हतं. आता धावेच्या अर्धा तास आधी वीस मिनिटं चालणं, मग थोडं जोरात, मग दोन-तीन वळणं, आणि रांगेत अगदी शेवटी. तंबूत तिच्यासाठी सावली आणि पाणी असतं. ऊन असेल तर गाडीत कुत्रं ठेवायचं नाही, पाच मिनिटंही नाही.

दिवस रिकामा जातो असं वाटत असेल तर रिंगणावर मदतीला नाव द्या. पडलेल्या दांड्या उचलायला, कुत्र्यांचे सोडलेले पट्टे पलीकडे पोचवायला, गुण लिहायला माणसं नेहमी कमी असतात आणि बहुतेक ठिकाणी जेवणाचं कूपन मिळतं. मी एका दुपारी पंचांशेजारी बसून गुण लिहिले. पंचांनी मूठ वर केली की कुत्रं अडलं, उघडा पंजा म्हणजे इतर दोष, फुली म्हणजे बाद. साठ-सत्तर धावा एकाच मार्गावर, एकाच जागी बसून पाहिल्या. सातव्या हर्डलनंतर जवळजवळ निम्मी माणसं उशिरा वळली आणि त्यांची कुत्री सरळ निघून गेली. वर्गातल्या वर्षभरात मला हे इतकं लख्ख दिसलं नव्हतं.

लेक आता मुलांच्या गटातून धावते आणि माझ्यापेक्षा बरी धावते, कारण चूक झाली की ती हसते. मागच्या महिन्यात तिची पहिली क्लिअर राउंड झाली. नंबर अकरावा, म्हणजे बक्षीस नाही, पण क्लिअरची हिरवी रोझेट, म्हणजे रिबनचं फूल, मिळाली. ती तिने फ्रिजवर लावली, आणि साताऱ्याच्या आजीला फोटो पाठवून खाली लिहिलं, "वाघ्यासाठी."

येत्या रविवारी रिंग ४, जंपिंग, लेकीचा नंबर १७, माझा ४२. पाऊस सांगितला आहे, म्हणून रबरी टोच्यांचे बूट आणि चिंगीचे दोन टॉवेल आत्ताच दाराशी काढून ठेवले आहेत.