एकच चेहरा तीनदा: कागदावर, लिनोवर आणि भिंतीवर

माझ्या आत्याचा चेहरा मी आजवर किती वेळा काढला याची मोजदाद नाही. फायलीत जपून ठेवलेली चित्रं चाळीसच्या वर असतील. त्यात पेन्सिलीतली आहेत, लिनोच्या प्रिंट (मऊ लिनोलियमवर कोरून, शाई लावून छापलेली चित्रं) आहेत आणि चार मीटर उंचीच्या एका भित्तिचित्राचे फोटो आहेत. आत्या बसायला उत्तम. हलत नाही, आणि चित्र आवडलं नाही तर तोंडावर सांगते. "एवढी कावलेली असते का गं मी?" हा तिचा ठरलेला शेरा.

सुरुवातीची काही वर्षं मी एकच चूक करत होते. एखादं पेन्सिलचित्र जमलं की तेच लिनोवर कोरायचं आणि तेच मोठं करून भिंतीवर चढवायचं. प्रिंट गिचमिड व्हायची आणि भिंतीवरचा चेहरा मेणाचा वाटायचा. आता प्रत्येक वेळी मी आत्याला पुन्हा समोर बसवते आणि अंधार कुठे सुरू होतो ते नव्याने ठरवते. तुम्हालाही एकाच चेहऱ्यावर ही तिन्ही कामं करायची असतील, तर मी ज्या क्रमाने करते तो असा.

बैठक

उजेड एकच हवा. खिडकी असो की दिवा, तो माणसाच्या एका बाजूने, डोक्याच्या थोडा वरून यावा. दिवा सरकवत राहा. पलीकडच्या गालावर, डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडला की थांबा. रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाणारी प्रकाशयोजना ती हीच. दोन बाजूंनी उजेड आला तर सावल्या एकमेकींना खातात, आणि पुढे लिनो कोरताना हातात धरायला काही उरत नाही.

फोटोवरून काम करणार असाल तर फोन हातभर अंतरावर धरू नका. तेवढ्या जवळून नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दोन मीटर मागे जा आणि झूम करा. समोर बसवून काढत असाल तर खुर्चीच्या पायांभोवती आणि माणसाच्या चपलांभोवती जमिनीवर खडूने खुणा करा. वीस मिनिटांनी माणूस उठणारच, आणि परत बसेल तेव्हा मान दोन बोटं तरी फिरलेली असते.

मापं सगळ्यांना माहीत असतात, तरी सगळे चुकतात. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवखा माणूस केसांखालची कवटी धरतच नाही, म्हणून त्याचे डोळे वर सरकतात. समोरून पाहिलं तर चेहऱ्याच्या रुंदीत साधारण पाच डोळे बसतात. कानाचा वरचा काठ भुवईच्या रेषेत आणि पाळी नाकाच्या बुडाशी. ही मापं फक्त हलक्या हाताने आखून घ्यायची, मग समोरचा माणूस त्यांच्यापासून कुठे ढळतो ते शोधायचं. आत्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा केसभर खाली आहे. ते लक्षात यायला मला तीन वर्षं लागली. तोवरच्या चित्रांत ती तिच्या थोरल्या बहिणीसारखी दिसते.

पहिला अर्धा तास पापण्या, सुरकुत्या, केस यांच्या वाटेला जाऊ नका. डोळे बारीक करून पाहा. तपशील विरघळतात आणि गडद भागांचा एकच सलग आकार उरतो: भुवईखालचा खड्डा, नाकाची बाजू, ओठाखालची सावली, हनुवटी, मान. तो आधी भरा.

चित्र संपलं तरी माणसाला लगेच सोडू नका. पत्त्यांतल्या पानाएवढे तीन चौकोन आखा. पहिल्यात फक्त काळा आणि पांढरा. दुसऱ्यात मधला एक राखाडी वाढवा. तिसऱ्यात पाच छटा. पहिला चौकोन लिनोसाठी, तिसरा भिंतीसाठी. मधला कशासाठी ते सांगता येत नाही, पण तो केल्याशिवाय तिसरा मला कधी जमलेला नाही. या तीन चौकोनांना पंधरा मिनिटं लागतात आणि मोठ्या चित्रापेक्षा मी त्यांनाच जास्त जपते.

लिनो

लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा आणि राळ, पाठीमागे तागाचं कापड. कोरायला मिळतं ते बहुतेक ३ मिलिमीटरच्या आसपास जाड असतं. गार असेल तर भुगा होऊन तुटतं, म्हणून दहा मिनिटं उन्हात ठेवा. ऊन नसेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर बसा. मी बसतेच.

इथे एका चित्रकर्तीची आठवण काढावीच लागेल. १९१९च्या जानेवारीत जर्मन कम्युनिस्ट नेते कार्ल लिबक्नेख्ट मारले गेले. त्यांच्या घरच्यांनी बोलावल्यावरून केथे कोलविट्झने शवागारात जाऊन त्यांची रेखाटनं केली. त्यांवरून तिने आधी एचिंग (पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून छापणं) करून पाहिलं, मग शिळामुद्रण, म्हणजे दगडावरून छपाई. दोन्ही तिला पटेनात. शिल्पकार एर्न्स्ट बारलाखचे काष्ठठसे, म्हणजे लाकडात कोरून छापलेली चित्रं, पाहिल्यावर ती लाकडाकडे वळली आणि ते स्मृतिचित्र लाकडातच पुरं झालं. ते नीट पाहा. मृताच्या कपाळाचा उजेड, भोवती वाकलेल्या माणसांच्या चेहऱ्यांचे आणि हातांचे मोजके पांढरे ओरखडे, बाकी काळोख. एचिंगमधल्या बारीक रेषा तिने लाकडात आणायचा प्रयत्नच केलेला नाही. लिनोची गोष्टही वेगळी नाही.

तर, काळ्यापांढऱ्याचा छोटा चौकोन मोठा करून ट्रेसिंग पेपरवर घ्या. पेपर उलटा करून लिनोवर उतरवा. छापताना चित्र पुन्हा पलटतं, म्हणून हा खटाटोप. एकदा मी हे विसरले आणि आत्याचा तीळ दुसऱ्या गालावर गेला. घरात सगळे म्हणाले, काहीतरी बिनसलंय. आत्याला मात्र ती प्रिंट भलतीच आवडली. साहजिक आहे, ती स्वतःला आयुष्यभर आरशातच बघत आलीये. तेव्हापासून कोरण्याआधी मी चित्र आरशासमोर धरून एकदा बघते. अक्षरं असतील तर दोनदा.

कोरताना दुसरा हात कायम कोरणीच्या पात्यामागे. मला डाव्या तर्जनीवर दोन टाके पडलेत आणि दोन्ही वेळा मी घाईत होते. लिनो टेबलाच्या काठाला अडेल अशी पट्टी ठोकून घ्या आणि वळणावर कोरणी न फिरवता लिनो फिरवा. डोळे, नाकपुडी, ओठांची फट यांना अरुंद व्ही आकाराची कोरणी, गालाकपाळाला रुंद यू आकाराची. गालावरचे ओरखडे गालाच्या गोलाईवरून जाऊ द्या. सगळे एकाच दिशेने गेले तर चेहरा पावसात उभा असल्यासारखा दिसतो.

काळं जास्त ठेवा. काढलेलं परत येत नाही. मी आधी फक्त डोळे आणि नाकाची बाजू कोरते आणि एक ट्रायल प्रूफ, म्हणजे चाचणीची छाप, काढते. शाई काचेवर पातळ पसरायची. रोलर फिरताना बारीक चरचर आवाज आला तर थर बरोबर. पचपच आवाज येत असेल तर शाई जास्त झालीये, सगळ्या बारीक रेषा बुजतील. प्रेस नसेल तर कागद ठेवून मोठ्या चमच्याच्या पाठीने घासा, मधून कडेकडे. एक कोपरा उचलून डोकावा, पण दुसरा कोपरा दाबून धरा.

रंगीत प्रिंट हवी असेल आणि धाडस असेल तर एकाच तुकड्यावर कोरत-छापत जा. आधी फिका रंग, मग आणखी कोरून मधला, शेवटी गडद. पिकासोने १९५०च्या दशकाच्या शेवटी लिनोत ही पद्धत भरपूर वापरली. यात पहिल्याच रंगाला ठरवावं लागतं की प्रती किती. पुढे वाढवता येत नाहीत, कारण तोवर पहिला ठसाच उरलेला नसतो. वीस हव्या असतील तर सव्वीस छापा. रंगांची जुळणी हुकून चार-पाच वाया जातातच.

सह्यांचं थोडक्यात: कागद वाळला की प्रिंटखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, म्हणजे ५/२०, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. वीस म्हटलं की वीसच. नंतर एकविसावी काढायचा मोह झाला तर लिनोवर आडवा काप मारून मोकळं व्हा.

भिंत

भिंतीकडे जायच्या आधी अमेरिकन चित्रकार चक क्लोजच्या एका प्रिंटबद्दल. १९७२मध्ये त्याने 'कीथ' हे मोठं मेझोटिंट (खरबरीत केलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) केलं. फोटोवर चौकटी आखून तो एकेक चौकट पत्र्यावर उतरवत होता आणि मधूनमधून प्रूफ काढत होता. चेहऱ्याच्या ज्या भागापासून सुरुवात केली तो वारंवार छापून झिजला आणि फिका उमटला. चौकटीही दिसत राहिल्या. त्याने त्या दिसू दिल्या, आणि पुढे त्याच्या रंगचित्रांतही चौकटी उघड्या राहू लागल्या. २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या एका भुयारी स्थानकाच्या भिंतींवर त्याची मोझॅक आणि फरशांतली व्यक्तिचित्रं लागली. भिंतीवर चौकटी आखताना कंटाळा आला की मला हा पत्रा आठवतो.

आधी भिंत तपासा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला निदान चार आठवडे द्या. जुन्या भिंतीवर हात फिरवा. पांढरी भुकटी आली तर लोणा आहे, आणि ओल कुठून येते ते सापडेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका. शंका असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवा. मागे दव दिसलं तर थांबा. पोपडे खरवडा, धुवा, प्रायमर मारा. भिंतीच्या मालकाची आणि जिचा चेहरा आहे तिची परवानगी लेखी घ्या, अगदी आत्या असली तरी.

आता गणित. पाच छटांचं चित्र ३० बाय ४० सेंटिमीटरचं करून घ्या आणि अडीच सेंटिमीटरच्या चौकटी पाडा: आडव्या १२, उभ्या १६, एकूण १९२. भिंत ३ बाय ४ मीटरची असेल तर तिथली चौकट २५ सेंटिमीटरची. ओळंबा सोडून उभी रेघ पक्की करा. खडूची भुकटी लावलेली दोरी ताणून फटकन सोडली की रेघ उमटते. भुकटी निळी घ्या, ती पुसली जाते. लाल भुकटी रंगाच्या दोन थरांतूनही वर येते. कोळशाने आखू नका, फिका रंग मळतो.

पहिल्या भिंतीवर मी सगळ्या चौकटी सारख्या आखल्या. परांची उतरवली, रस्त्यावर जाऊन पाहिलं तर आत्याला कपाळच नव्हतं. जबडा मात्र पैलवानाचा. समजा चेहरा जमिनीपासून २ मीटरवर सुरू होऊन ६ मीटरवर संपतो आणि बघणारा ६ मीटर लांब उभा आहे, डोळे दीड मीटर उंचीवर. त्याला भिंतीचा सगळ्यात खालचा एक मीटर साधारण ९.३ अंशांत दिसतो आणि सगळ्यात वरचा ६.६ अंशांत. म्हणजे कपाळ जवळजवळ तीस टक्के दबतं. पूर्ण भरपाई केली तर लांबून बघणाऱ्याला कपाळ फुग्यासारखं वाटेल, म्हणून मी निम्मी करते: सगळ्यात खालची ओळ २३ सेंटिमीटर, सगळ्यात वरची २७, मधल्या क्रमाने वाढत जाणाऱ्या. बेरीज ४ मीटरच राहते.

भिंत खडबडीत असेल, दोरी बसत नसेल, तर चौकटी सोडा. भिंतभर वेड्यावाकड्या खुणा करा: अक्षरं, गोल, फुल्या, जे सुचेल ते. फोटो काढून त्यावर फोनमध्ये तुमचं चित्र अर्धपारदर्शक करून ठेवा. "नाकपुडी त्या फुलीच्या डावीकडे" असं बघत उतरवा. हसू येतं, पण काम झटपट होतं.

पाच छटा पाच बादल्यांत कालवा आणि बादल्यांवर क्रमांक टाका. अॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, त्यामुळे ओल्या रंगावर विश्वास नको. त्याच भिंतीच्या कोपऱ्यात पट्टे ओढा, वाळू द्या, मग ठरवा. डब्यावर एका लिटरमध्ये दहा चौरस मीटर लिहिलं असेल तर खरबरीत भिंतीवर सात धरा. मधली छटा नेहमी जास्त लागते, आणि संपलेली छटा दुसऱ्या दिवशी तशीच कधीच जमत नाही. भिंत चुन्याच्या किंवा सिमेंटच्या उघड्या गिलाव्याची असेल तर सिलिकेट रंगांचा विचार करा. आडोल्फ विल्हेल्म काइमने १८७८मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत. रंग गिलाव्याशी रासायनिक रीतीने एकजीव होतो, वर पापुद्रा धरत नाही. जुन्या ऑइलपेंटवर मात्र तो टिकत नाही.

रंगद्रव्याचा क्रमांक डब्यावर शोधा. पीआर १०१ आणि पीवाय ४२ ही लोहाची ऑक्साइडं, म्हणजे आपले गेरू आणि पिवळी माती यांची भावंडं. उन्हाला हटत नाहीत. निळ्यात पीबी १५ चांगला. मी एकदा गालांवर झगझगीत गुलाबी घातला, क्रमांक न बघता. दोन उन्हाळ्यांत तो उडाला आणि खालचा हिरवट राखाडी उरला. आत्या म्हणाली, "आजारी दिसते मी. माणसं विचारतात."

रंगवताना छटा घोटू नका. दोन सपाट छटा शेजारी ठेवल्या की दहा मीटरवरून डोळा त्या आपोआप मिसळतो. हाताने घोटलेल्या लांबून चिखलासारख्या दिसतात. चेहरा दोन मीटर रुंद असेल तर डोळा चाळीस सेंटिमीटरचा आणि त्यातला चमकीचा ठिपका चार-पाच सेंटिमीटरचा. परांचीवरून तो ठिपका भयंकर मोठा वाटतो. लहान करू नका. दर अर्ध्या तासाने खाली उतरा, रस्ता ओलांडा, डोळे बारीक करून बघा.

संपलं की पाचही छटा छोट्या बरण्यांत भरून क्रमांक, रंगद्रव्य आणि तारीख लिहून ठेवा. रस्त्यापलीकडे एक जागा ठरवा आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वेळी तिथूनच फोटो काढा, शेजारी रंग ताडून पाहायला एक राखाडी कार्ड धरून. माझ्या फायलीत असे सहा फोटो आहेत. कार्ड धरायला दर वेळी आत्याच उभी असते.