पृथ्वीची रेडिओ गळती कमी कशी करायची

रेडिओ गळती म्हणजे आपल्या ट्रान्समीटरमधून अवकाशात निसटणारे सिग्नल; दूरच्या ताऱ्याजवळ कुणी असेल तर ते ऐकू शकेल. ती कमी करताना बहुतेक जण आधी टीव्हीच्या मागे लागतात, आणि तिथेच चुकतात. आधी ट्रान्समीटरची यादी करा. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा: बीमच्या दिशेतली प्रभावी शक्ती (तेवढाच जोर सगळीकडे सारखा पसरवायला जेवढी लागली असती ती) आणि ती किती हर्ट्झमध्ये पसरली आहे. पोर्तो रिकोतल्या, 2020 मध्ये कोसळलेल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या रडारची प्रभावी शक्ती सुमारे 20 टेरावॉट होती, बड्या टीव्ही केंद्राची साधारण 1 मेगावॉट. फरक 2 कोटी पट. सिग्नल अंतराच्या वर्गाने क्षीण होतो, म्हणून बँडविड्थ सारखी धरली तर रडार टीव्हीपेक्षा सुमारे साडेचार हजार पट दुरून ऐकू येतं. शक्ती निम्मी केली तरी पल्ला फक्त 29 टक्के घटतो. पल्ला दहा पटींनी कमी करायचा तर शक्ती शंभर पटींनी उतरवावी लागते.

ग्रह-रडार (ग्रह-लघुग्रहांवर सिग्नल सोडून प्रतिध्वनी ऐकणारं, अरेसिबोसारखं रडार) बंद करू नका, लघुग्रहांच्या कक्षा त्याने खूप नेमक्या ठरतात. मात्र लघुग्रह बीमचा नगण्य भाग अडवतो, बाकी सगळा पुढे निघून जातो. म्हणून प्रत्येक प्रसारणाआधी बीमच्या रेषेत जवळचा तारा येतोय का ते तपासा आणि येत असेल तर वेळ सरकवा. बीम काही कलांचाच (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंद असल्याने हे जमतं. क्रांतिवृत्ताजवळ (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाजवळ) जास्त कडक राहा: त्या अरुंद पट्ट्यातल्या निरीक्षकांना पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दिसते. (जीवसृष्टीची खूण असलेला हवेतला ऑक्सिजन तर यातल्या कशानेच लपत नाही.)

मग प्रसारण. टीव्हीचे अँटेना क्षितिजाकडे रोखलेले असतात. बीम अंशभर खाली झुकवा, जमेल तिथे केबल किंवा फायबर वापरा. अ‍ॅनालॉग टीव्हीची अर्ध्याच्या आसपास शक्ती अरुंद वाहक लहरीत असायची. दुरून पकडायला तीच सगळ्यात सोपी.

1 हर्ट्झमधली शक्ती 10 मेगाहर्ट्झवर पसरली की दर हर्ट्झमागे 70 डेसिबलची, म्हणजे 1 कोटी पट, घट दिसते. तिच्यावर भिस्त ठेवू नका. दूरवरून ऐकणारा पूर्ण पट्टा एकत्र मोजून सरासरी काढू शकतो; तेवढ्याच वेळात मोजायचं म्हटलं तर पल्ला सुमारे 56 पटींनीच कमी होतो. पायलट टोन (रिसीव्हरला जुळवून घ्यायला सोडलेला अरुंद, स्थिर सूर) तसाच ठेवलात तर मेहनत वाया, आणि शक्ती पसरवणारा तोच कोड पुन्हा पुन्हा वापरला तरी आवर्तन सापडतं.

वरून गोंगाट सोडून झाकायचा विचार नको, एकूण शक्ती वाढते. आयनांबर दाट करायचा विचारही हिशोबात बसत नाही: 1 गिगाहर्ट्झ अडवायला घनसेंटिमीटरला सुमारे 12 अब्ज इलेक्ट्रॉन लागतात, दिवसा वरच्या थरात दहा लाखांच्या आसपास असतात.

काम झालं की चंद्रावरून परतणारी गळती मोजा. अरेसिबोच्या थाळीने असं पूर्वी केलं आहे. आधीच्या आणि नंतरच्या वर्णपटात जे शिखर उरलं, त्याची चंद्रोदयाच्या व चंद्रास्ताच्या वेळी होणारी चढउतार बघा. त्यावरून ट्रान्समीटर कोणत्या रेखांशावर आहे ते कळतं.