डॉमिनिकाला जाताय? सपाटीवरचा हिशोब घरीच ठेवा, या चुका टाळा

जुलै २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालनं पदार्पणातच १७१ काढले, अश्विननं सामन्यात १२ बळी घेतले आणि वेस्ट इंडिजविरुद्धची ती कसोटी तिसऱ्या दिवशीच आटोपली. आमचे साडू अण्णा मात्र टीव्हीत स्टेडियमच्या पलीकडचे डोंगर बघत बसले होते. "एवढं हिरवं कुठंय हो हे?" ते होतं रोझो, डॉमिनिका या कॅरिबियन बेटाची राजधानी. लातूरहून आम्ही चौघं तिथं जाऊन आलो. चुका भरपूर केल्या, त्यातल्या तुम्हाला टाळता येण्यासारख्या सांगतो.

पहिली चूक नावातच आहे. आमच्या एजंटानं पाठवलेल्या कोटेशनमध्ये पांढऱ्या वाळूचे किनारे आणि पुंटा कानाचं हॉटेल होतं. ते डॉमिनिकन रिपब्लिक. तो देश वेगळा, बेट वेगळं, भाषाही स्पॅनिश. आपलं डॉमिनिका जेमतेम ७५० चौरस किलोमीटरचं, म्हणजे लातूर जिल्ह्याच्या दहाव्या हिश्शाएवढं. लोकवस्ती सत्तर हजारांच्या घरात, कारभार इंग्रजीत. तिकिटावर आणि बॅगेच्या टॅगवर 'डीओएम' (डॉमिनिकाच्या विमानतळाचा कोड) हीच अक्षरं आहेत ना, ते काउंटरवरच बघा. 'एसडीक्यू' दिसलं तर बॅग सँटो डोमिंगोला निघाली म्हणून समजा. बॅग आलीच नाही, तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवा आणि टॅगचा तुकडा जपून ठेवा. औषधं आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत असू द्या.

दुसरी चूक, "व्हिसा लागत नाही" हे ऐकून निर्धास्त होणं. डॉमिनिकासाठी भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही, पण वाटेतल्या देशांचं काय? मायामी किंवा सान हुआनमार्गे गेलात, तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. काही जण ग्वाडेलूपहून फेरीबोटीनं जायचा बेत करतात. ते बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्यामुळं युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथं आपोआप चालत नाही. आधी मार्ग पक्का करा, त्या मार्गावरच्या प्रत्येक देशाचा नियम बघा आणि मगच तिकीट काढा.

आता अंतर. लातूर ते औसा वीस किलोमीटर, अर्धा तास. हा हिशोब आपल्या अंगात भिनलेला. तिथला मुख्य विमानतळ ईशान्येला आणि रोझो नैऋत्येला. मधे सगळे डोंगर, वळणामागून वळण, त्यामुळं सव्वा-दीड तास जातो. दिवसाला तीन ठिकाणं ठरवू नका, एक पुरे. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण स्वतः चालवायचं तर स्थानिक परवाना काढावा लागतो. मिनीबस म्हणजे आपली काळी-पिवळीच, भरली की सुटते. नंबरप्लेट 'एच'नं सुरू होते. संध्याकाळी आणि रविवारी मात्र तिची वाट बघत उभं राहू नका, परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवा.

पावसाच्या बाबतीत तर आम्ही साफ फसलो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली आम्ही माणसं. आपल्याकडं वर्षाला सातशे मिलिमीटर पडला तरी बरं म्हणायचं. तिथल्या डोंगराळ भागात पाच हजारांच्या वर पडतो. पहिल्या सकाळी "उघडला की निघू" म्हणत अकरा वाजवले. तो काही उघडला नाही. पावसातच निघायचं असतं. फेब्रुवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात कोरडे. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. १८ सप्टेंबर २०१७ ला मारिया हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ याच बेटावर आदळलं होतं. नदीत उतरला असाल आणि पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर फोटो सोडा आणि आधी काठावर या. वर पाऊस झालेला असतो. पलीकडं अडकलात तर ओलांडायची घाई करू नका. डोंगरातल्या आखूड नद्या चढतात तशा उतरतातही.

बॉइलिंग लेक म्हणजे डोंगरातलं उकळत्या पाण्याचं तळं, तिथं गाइडशिवाय जाऊ नका. वाट सुरू होते त्या टिटू गॉर्ज या घळीपासून जाऊन-येऊन सहा-सात तास लागतात. मोर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यानातली ही वाट. १९९७ पासून ते जागतिक वारशात आहे. बूट नवे नकोत, गुळगुळीत तळाचे तर नकोच. आपल्या काळ्या रानातला चिखल बुटाला चिकटून पाय जड करतो, तिथला पायाखालून सटकतो. अण्णा पहिल्याच उतारावर बसते झाले. 'व्हॅली ऑफ डेसोलेशन'मध्ये जमिनीतून गंधकाची वाफ येते आणि काही ठिकाणी वरचा थर पातळ असतो, त्यामुळं गाइडच्या पावलावरच पाऊल. सौ.ची चांदीची जोडवी तिथून येईपर्यंत काळी पडली. घाबरू नका, पॉलिश केली की निघतं. पण दागिने खोलीवरच ठेवा. आणि तळ्यात पाय बुडवायचा विचारही नको: काठाचंच पाणी ८२ ते ९२ अंश मोजलं गेलंय.

विषारी सापांची धास्ती नको, तिथं ते नाहीत.

खायचे हाल होतील म्हणून आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली. प्रवासात ती कामाला आली, पण तिथं गेल्यावर वेगळंच कळलं. 'डाशीन' म्हणून जे उकडून देतात ते आपलं अळकुडीच्या जातीचं कंद, आणि त्याच्या पानांचं 'कॅललू' हे अळूच्या पातळ भाजीचं भावंडच. मात्र त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा मांस असतं, म्हणून विचारून घ्या. 'व्हेज' एवढंच म्हणून भागत नाही, कारण काहींच्या लेखी मासा चालतो. रास्ताफारी या कॅरिबियन पंथाच्या मंडळींची 'आयटल' खानावळ दिसली की निवांत बसा, तिथं मांस नसतं.

बाकी किरकोळ. मुलांचा मिलिटरी छापाचा टीशर्ट घरीच ठेवा. तिथं सामान्य नागरिकांनी तसे कपडे घालणं बेकायदा आहे. चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला दर. खेड्यापाड्यात कार्डावर भरवसा नको, सुट्टे हवेत. प्लग तीन चौकोनी पिनांचा, त्यामुळं अ‍ॅडॉप्टर लातुरातच घ्या. पांढऱ्या वाळूसाठी जाणार असाल तर बेतच बदला, तिथली वाळू बहुतेक ज्वालामुखीची, करडी-काळी. अण्णांनी ती मुठीत घेतली, चोळून बघितली आणि म्हणाले, "पेरायला काय हरकत नाही."