रस्त्यावरची सुरक्षितता शिकवायची तर आधी खडू आणि टेप घ्या

‘सांभाळून जा’ असं सांगितल्याने कोणी सांभाळून जात नाही. कशाला सांभाळायचं ते डोळ्यांनी दिसावं लागतं. पायी चालणाऱ्यांचे आणि सायकलवाल्यांचे वर्ग मी घेते, तेव्हा सुरुवात भाषणाने करत नाही. मोकळं मैदान, खडू आणि लांब टेप एवढं पुरतं.

जमिनीवर एक रेघ मारा. या रेघेवर गाडी असताना चालकाला समोर मूल दिसलं, असं धरा. ताशी ५० किलोमीटरची गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद लागतो, म्हणून १४ मीटरवर दुसरी रेघ. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी तेवढंच अंतर घेते, म्हणून २८ मीटरवर तिसरी. आता ताशी ३० ची गाडी घ्या. ती विचाराचा सेकंद आणि ब्रेक धरून १४ मीटरच्या आसपास उभी राहते. म्हणजे ३० ची गाडी जिथे थांबली, तिथे ५० च्या गाडीचा ब्रेक नुकता लागतोय, वेग अजून पूर्ण ५०. मधल्या रेघेवर एका मुलाला उभं करा आणि हे बोलून दाखवा. मोठी माणसंसुद्धा इथे गप्प होतात, आणि मला नेमकं तेच हवं असतं. ओल्या रस्त्यावर शेवटची रेघ आणखी लांब जाते, तेही लगेच सांगून टाका.

मग रस्त्यावर या. लहान मुलाला हात धरून पलीकडे नेणं म्हणजे शिकवणं नव्हे. हात सोडू नका, पण निर्णय त्याला घेऊ द्या: कुठे थांबायचं, कोणती गाडी येतेय, आता जायचं का. तो ‘चला’ म्हणाला की विचारा, ‘का?’ येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही. म्हणून ‘गाडी लांब आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. उभ्या गाड्यांच्या मधून ओलांडायचं नाही, हे तर खाली बसून त्याच्या उंचीवरून दाखवा. बॉनेटपलीकडचं काहीच दिसत नाही. फूटपाथ नसेल तिथे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. सायकल मात्र वाहनांच्या दिशेनेच. या दोन नियमांची गल्लत फार होते, म्हणून मी ते एकाच दमात सांगत नाही.

सायकलवर बसण्याआधी हवा, दोन्ही ब्रेक, चेन. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’ कानाखाली, हनुवटीखाली एकदोन बोटं जातील इतकीच ढील. मागे ढकललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. एका हाताने सायकल सरळ धरून मागे वळून बघणं आधी मैदानावरच घोटून घ्या. ते जमल्याशिवाय हाताने इशारा देण्याला अर्थ नाही. उभ्या गाड्यांपासून दाराइतकं, म्हणजे साधारण मीटरभर अंतर ठेवायचं.

ट्रकबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. शक्य असेल तर एक उभा ट्रक मागवा आणि मुलांना चालकाच्या जागेवर बसवा. बाहेर, केबिनच्या अगदी जवळ, एक सायकल उभी करा. आरशात ती कुठेच सापडत नाही, तेव्हा वळणाऱ्या ट्रकच्या बगलेत का शिरायचं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. खूण सोपी: आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला आपण दिसत नाही.

अंधारात पुढे पांढरा दिवा, मागे लाल, आणि घोट्यांवर चकाकणाऱ्या पट्ट्या. पाय हलतात, त्यामुळे हा माणूस आहे हे चालकाला लांबूनच ओळखू येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर जीव गमावतात. त्यात २३ टक्के पादचारी, ६ टक्के सायकलस्वार. हे आकडे मी गाडी चालवणाऱ्या पालकांसाठी राखून ठेवते, कारण वेग त्यांच्या पायाखाली असतो. त्यांच्याकडून एक गोष्ट तिथल्या तिथे करून घ्या: गाडीचं दार जवळच्या नव्हे, लांबच्या हाताने उघडायचं. खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारी सायकल दिसते. प्रत्येकाकडून पाचसहा वेळा करून घेतल्यावरच पुढे जा.